परीक्षानळीपासून रुग्णशय्येपर्यंत : वनस्पतींच्या अर्काची कसोटी



एखाद्या वनस्पतीच्या अर्काने प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मेल्या, असे वृत्त प्रसिद्ध झाले की गावोगावी तिची चर्चा सुरू होते. कोणी तिचा काढा घेऊ लागतो, कोणी चालू असलेले उपचार सोडून देतो. अशा वेळी लोक सल्ल्यासाठी शिक्षकांकडे व पंचायत सदस्यांकडे येतात. म्हणून अशी चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम वनस्पतीची शास्त्रीय ओळख निश्चित केली जाते. पाने, साल वा मूळ सावलीत वाळवून त्याची भुकटी करतात आणि पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये तिचा अर्क काढतात. जंतू वाढविलेल्या बशीत हा अर्क ठेवला असता त्याभोवती जंतुविरहित वर्तुळ किती मिलिमीटरचे पडते, यावरून जंतुनाशक गुण मोजतात. ऑक्सिडीकरणरोधक गुणासाठी डीपीपीएच या रसायनाचे जांभळे द्रावण वापरतात. अर्क प्रभावी असल्यास ते पिवळे पडते. तिसऱ्या कसोटीत अर्क कर्कपेशींवर वापरून पाहतात. परंतु पेशी विषानेही मरतात. निरोगी पेशींवर त्याच अर्काचा काय परिणाम होतो, हे पाहिल्याखेरीज निष्कर्ष काढता येत नाही.

यानंतरचा मार्ग किती खडतर असतो, हे एका उदाहरणावरून दिसून येते. नंदुरबार येथे 1925 साली जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आणि त्यांचे अमेरिकन सहकारी मन्रो वॉल यांनी 1966 साली एका चिनी वृक्षापासून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. प्रयोगशाळेत ते अत्यंत प्रभावी ठरले. तथापि रुग्णांवरील चाचण्यांत मूत्राशयातून रक्तस्रावासारखे गंभीर दुष्परिणाम दिसले आणि 1970 नंतरच्या काळात त्या थांबवाव्या लागल्या. पेशीविभाजनाच्या वेळी ते कोणत्या विकरास अडविते, याचा उलगडा 1985 साली झाला. त्याच्या रचनेत फेरफार करून सिद्ध केलेल्या टोपोटेकान व इरिनोटेकान या औषधांना अमेरिकेत 1996 साली मान्यता मिळाली. मधे 30 वर्षे लोटली होती.

हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडातही असल्याचे गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी 1972 साली दाखवून दिले. मागणी वाढताच अनेक ठिकाणी ही झाडे मुळासकट तोडली गेली. ज्याच्या ठायी औषधाचे बीज होते, ते झाडच दुर्मीळ होऊ लागले.

यातून दोन कर्तव्ये स्पष्ट होतात. ज्या द्रव्यास औषध होण्यापूर्वी शास्त्रज्ञांनाही थांबावे लागले, त्या झाडाचा काढा रुग्णाने घरी करून घेऊ नये. त्याने रुग्णालयातील उपचार सोडू नयेत, असे त्यास आग्रहाने सांगावे. दुसरे म्हणजे, जैवविविधता अधिनियम, 2002 अन्वये स्थानिक संस्थांनी स्थापावयाच्या व्यवस्थापन समित्यांमार्फत गावातील वनस्पतींची नोंदवही तयार करून ती अद्ययावत ठेवावी आणि बेकायदा तोडीची खबर वन खात्यास तत्काळ द्यावी. उद्याच्या संशोधकास झाड जागेवर सापडले, तरच त्याच्या गुणांची परीक्षा होऊ शकेल.