मोंढ्यातील भाव आणि मोबाइलवरील भाव



हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात जवळा बाजार हे गाव आहे. गावाच्या नावातच बाजार आहे आणि तेथे स्वतंत्र कृषी उत्पन्न बाजार समितीही आहे. सोयाबीनची मळणी उरकली की या भागातील शेतकऱ्यापुढे एकाच वेळी अनेक देणी उभी राहतात. दिवाळी दारात आलेली असते, हरभऱ्याच्या पेरणीसाठी बियाणे-खत हवे असते आणि खरिपात उधारीवर घेतलेल्या औषधांचे पैसेही चुकते करावयाचे असतात. त्याच्या खिशातील मोबाइलवर लातूरचा, वाशीमचा, हिंगोलीचा भाव रोज उमटतो. तो भाव तो वाचतो, आणि तरीही ट्रॅक्टर वळतो जवळच्याच मोंढ्याकडे.

भाव कळल्याने भाव वाढतो काय, असा हा प्रश्न आहे. गेली पंचवीस वर्षे अर्थशास्त्रज्ञ व संगणकतज्ज्ञ त्याचा पडताळा घेत आहेत. त्यांच्या निष्कर्षांवरून शासनाने बाजारात पैसा कशावर खर्चावा हे ठरू शकते. म्हणून तो केवळ अभ्यासकांपुरता विषय नव्हे.

चौकशी आधी आणि कायदा मागाहून, ही रीत शेतमालाच्या व्यापारात जुनीच आहे. शेजारच्या वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचा कायदा १८९७ साली झाला. १९२६ साली नेमलेल्या शाही कृषी आयोगाने त्या अनुभवाचा विचार करून १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली. आज ज्या कायद्याखाली बाजार समित्या चालतात तो महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम १९६३ चा. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची हत्ता पद्धत मोडून उघड लिलाव आणणे, खरे वजन देणे आणि नावानिशी हिशोबपट्टी हातात ठेवणे, हा या साऱ्या खटाटोपाचा गाभा होता. उघड लिलाव म्हणजे त्या काळचे माहिती तंत्रज्ञानच म्हणावयाचे.

संगणक आल्यावर हीच आशा नव्या साधनावर बसली. वारणानगर परिसरातील सत्तर गावांत १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. मार्च २००० मध्ये केंद्र शासनाने बाजारभाव प्रसिद्ध करणारी ‘ॲगमार्कनेट’ सेवा चालू केली. वारणेच्या प्रकल्पाचा पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की गावागावांतील संगणकांचा उपयोग मुख्यत्वे आपल्या उसाचे वजन किती भरले, खताचा हिशोब काय झाला, एवढ्यापुरताच होत होता. मग सात गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइल संदेशाची योजना करून पाहण्यात आली आणि तेवढ्यावर काम भागले. यंत्र महाग की स्वस्त, यापेक्षा शेतकऱ्याला नेमके काय विचारावयाचे आहे हे आधी पाहावे, हा धडा तेथे मिळाला. तो सर्वत्र गिरविला गेला असे मात्र म्हणता येत नाही.

भावाच्या प्रश्नावर पहिले ठळक उत्तर समुद्रकिनाऱ्यावरून आले. केरळच्या उत्तर भागात १९९७ ते २००१ या काळात मोबाइल पोहोचला. त्याआधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून तारली मासळी समुद्रात फेकली जाई आणि काही कोसांवर तिचा भाव चढलेला असे. मोबाइल आल्यावर मच्छीमार होडीतूनच चौकशी करू लागले. रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मासळीची नासाडी जवळजवळ थांबली, मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकालाही मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली. ही वार्ता जगभर गेली, आणि भाव कळविला की काम झाले असा समज बळावला.

त्या समजाची परीक्षा महाराष्ट्रातच झाली, ही गोष्ट येथे फारशी कोणी सांगत नाही. रॉयटर्स मार्केट लाइट ही संदेशाद्वारे भाव व हवामान कळविणारी सेवा २००७ साली राज्यात सुरू झाली होती. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिन्टेन या संशोधकांनी राज्यातील शंभर गावांतील नऊशेहून अधिक शेतकरी निवडले, काहींना ही सेवा वर्षभर विनामूल्य दिली, काहींना दिली नाही, आणि दोहोंची तुलना केली. पिकांत टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू यांबरोबर सोयाबीनही होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की मिळालेल्या भावात सरासरीने लक्षणीय फरक पडला नाही. पश्चिम बंगालमधील बटाटा उत्पादकांना रोजचा भाव कळवून पाहिलेल्या दुसऱ्या एका अभ्यासातही सरासरीने तसेच आढळले.

मग केरळचे खोटे होते काय? तसे नव्हे. होडी वळविता येते. मासळी त्याच दिवशी दुसऱ्या बंदराला लागते, आणि तेथे गिऱ्हाईक उभे असते. सोयाबीनचा शेतकरी भाडे देऊन वीस पोती वाशीमला नेईल, पण तेथे ओलावा जास्त निघाला आणि भाव पाडला गेला तर परत आणण्याचे भाडे कोण देणार? शिवाय ज्या अडत्याकडून उचल घेतली आहे त्याच्याच अडतीवर माल घालण्याचे बंधन असते. भाव ठाऊक असणे वेगळे, आणि नाही म्हणता येणे वेगळे. खरीप २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आहे हे गावोगावी ठाऊक होते. खुल्या बाजारात मात्र त्याखालीच सौदे होत राहिले. ओलाव्याची मर्यादा बारावरून पंधरा टक्के करण्याचा केंद्राचा निर्णय नोव्हेंबरच्या मध्यावर आला, तोवर पुष्कळ माल विकला गेलेला होता.

याच सोयाबीनवर मध्य प्रदेशात वेगळा अनुभव आला. तेथे ऑक्टोबर २००० पासून आयटीसी कंपनीने गावांत संगणककेंद्रे उघडली आणि सोबत स्वतःची खरेदीकेंद्रेही ठेवली. अपराजिता गोयल यांच्या २०१० च्या अभ्यासात आसपासच्या मंड्यांतील सोयाबीनचा भाव सरासरी एक ते तीन टक्क्यांनी चढल्याचे दिसले. येथे माहितीसोबत दुसरा खरेदीदार उभा होता. मंडीत कमी भाव मिळाला तर माल तेथे घालता येत असे.

कर्नाटकाने २०१४ पासून बाजार समित्या एका संगणकीय लिलावात जोडल्या. त्या धर्तीवर १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्राने ‘ई-नाम’ सुरू केले. अनेक राज्यांत पसरल्यानंतर, २०२० साली, कर्नाटकाच्या व्यवस्थेचे तपशीलवार मोजमाप प्रसिद्ध झाले. भात, भुईमूग व मका यांचे भाव अनुक्रमे ५.१, ३.६ व ३.५ टक्क्यांनी वाढले होते. कापूस, मूग व तूर यांत ठळक वाढ आढळली नाही. खरेदीदार मोजकेच असणे, वाहतुकीची अडचण आणि बोलीची पद्धत ही कारणे अभ्यासकांनी दिली. जवळा बाजारच्या पंचक्रोशीत कापूस आणि तूर ही घरोघरची पिके आहेत. या मोंढ्यात पडद्यावरील लिलाव आणण्यापूर्वी किती खरेदीदार बोली लावतील, हे विचारले गेले पाहिजे.

आणखी एक गोष्ट या अभ्यासांच्या कडेला राहून गेली. त्यांत मोजला गेला तो मुख्यत्वे भाव. मोंढ्यातील हमाल आणि तोलणार यांची रोजी मध्यभागी नव्हती. भरलेले वाहन भुईकाट्यावर एकदम तोलले गेले की तोलणाराचे हात मोकळे होतात, आणि ढिगाचे पोते न भरता माल परस्पर गेला की हमालाची पाठही. महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा १९६९ सालीच केला, तेव्हा यंत्राचा प्रश्न इतका निकट नव्हता. बाजार संगणकीय करताना या माणसांच्या कामाचा हिशोब त्याच आराखड्यात मांडावा लागेल. मागाहून मांडला तर तो तंट्याच्या रूपाने पुढे येतो.

नाही म्हणण्याचे बळ देणारी एक साधी योजना राज्यात १९९०-९१ पासून आहे. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत शेतकरी आपला माल बाजार समितीमार्फत गोदामात ठेवतो आणि सोयाबीन, तूर, हळद अशा मालावर किमतीच्या पाऊणपट रकमेपर्यंत, सहा टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी कर्ज घेऊ शकतो. व्यापाऱ्याचा माल तेथे चालत नाही. दिवाळीची आणि पेरणीची गरज त्या पैशांतून भागते. माल मात्र त्याच्याच नावावर राहतो. ग्रामपंचायतीने सिमेंटचे खळे बांधले आणि शाळेतील मुलांनी ओलावामापक वापरावयास शिकून घरच्या पोत्यांची नोंद ठेवली, तर तो माल गोदामाच्या दारातून परत येणार नाही. कार्तिकात ठेवलेल्या सोयाबीनची मुदत वैशाखात संपते, आणि मधल्या सहा महिन्यांत मोबाइलवर येणारा लातूरचा भाव वाचून काहीतरी ठरविता येते.