प्रशिक्षकाला पगार किती, आणि मुदत किती?



आजचा विषय आहे कॉलेजच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाची कमाई, त्याचा करार आणि त्याचं करिअर. तुम्ही म्हणाल, फौजी माणसाचा याच्याशी काय संबंध? सांगतो. मी पलटणीच्या संघातून बास्केटबॉल खेळलो. निवृत्तीनंतर बेंगळुरूला महादेवपुऱ्यात राहायला आलो. आमच्या भागात जेवढ्या आयटी कंपन्या, तेवढ्याच मोठमोठ्या सोसायट्या, आणि जवळजवळ प्रत्येक सोसायटीत एक बास्केटबॉल कोर्ट. संध्याकाळी तिथं मुलांना शिकवायला येणारे काही सर सकाळी कुठल्या तरी कॉलेजचा संघ घडवत असतात. त्यांच्याशी बोलून जे कळलं आणि जे वाचलं, ते तुमच्यासमोर ठेवतो. या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी जरूर ऐकावं.

आधी मोठे आकडे बघून घेऊ, कारण मोबाइलवर तेच फिरत असतात. अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला संघाच्या प्रशिक्षक आहेत डॉन स्टेली. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा करार २०३० पर्यंत वाढवला गेला, वर्षाला सुमारे ४० लाख डॉलरवर. आपल्या हिशेबानं तीस-पस्तीस कोटी रुपये. केंटकी विद्यापीठानं जॉन कॅलिपारी यांच्याशी २०१९ मध्ये दहा वर्षांचा, ८ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. लोक त्याला आजीवन करार म्हणायचे. विद्यापीठानं मधेच काढलं असतं, तर ३ कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यावी लागली असती. पण २०२४ मध्ये कॅलिपारी स्वतःच केंटकी सोडून आर्कान्सॉ विद्यापीठात गेले.

हा पैसा येतो कुठून? मुख्यतः टीव्हीवरून. तिथं दर मार्च महिन्यात कॉलेज संघांची राष्ट्रीय स्पर्धा होते. २०१६ मध्ये तिच्या प्रक्षेपणाचा करार आठ वर्षांनी, म्हणजे २०३२ पर्यंत वाढवला, तो ८८० कोटी डॉलरचा. आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामन्याला होस्टेलची मुलं आणि चार-दोन पालक टाळ्या वाजवायला असतात. त्या पगारांशी बरोबरी करून जीव जाळण्यात अर्थ नाही. पण त्या करारांतली एक गोष्ट आपल्याला परवडण्यासारखी आहे. ती म्हणजे दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारी मुदत.

जॉन वुडन यांचं उदाहरण घ्या. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात ते १९४८ मध्ये आले. १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत त्यांच्या संघानं दहा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. एवढं करूनही त्यांचा पगार कधी वर्षाला ३५ हजार डॉलरच्या वर गेला नाही. आता गणित करा. पहिलं विजेतेपद आलं तो त्यांचा तिथला सोळावा हंगाम होता. म्हणजे पंधरा हंगाम विजेतेपदाविना गेले आणि विद्यापीठानं त्यांना ठेवलं. सुरुवातीला वुडन यांनी स्वतः आग्रह धरून तीन वर्षांचा करार करून घेतला होता. दोन वर्षांतच त्यांच्या जुन्या पर्ड्यू विद्यापीठाचं बोलावणं आलं आणि त्यांचं मन तिकडे ओढ घेऊ लागलं. तेव्हा यूसीएलएनं आठवण करून दिली की तीन वर्षांचा आग्रह तुमचाच होता. ते थांबले. करार म्हणतात तो याला. तो मालकाला धरतो आणि माणसालाही धरतो.

आता आपल्या घरी या. आपल्या कॉलेजात मंजूर पद असतं ते शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाचं. शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी, ५५ टक्के गुण, वर नेट, सेट किंवा पीएचडी. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. नोकरी चांगली आहे, मिळाली तर सोडू नका. पण हा एकच माणूस कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं बघतो आणि नॅकच्या फायलीही तोच रंगवतो. बास्केटबॉलचा वेगळा प्रशिक्षक बहुतेक ठिकाणी मंजूर पदांत बसतच नाही. तो पतियाळ्याहून एनआयएसची वर्षभराची पदविका घेऊन आलेला असला, तरी त्याला मानधनावर घेतात.

गंमत अशी, की ज्या जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये हा खेळ काढला, तेही शारीरिक शिक्षणाचे शिक्षकच होते. १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठानं त्यांना घेतलं ते प्रार्थनामंदिर आणि व्यायाम सांभाळायला. संघही त्यांनीच उभा केला. प्रशिक्षक म्हणून त्यांनी जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त आहेत. तरी ते १९३७ पर्यंत त्या विद्यापीठात होते आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या फॉग ॲलन यांनी पुढे कॅन्ससचा संघ नावारूपाला आणला.

आता मुद्द्यावर येतो. खेळाडू तयार व्हायला किती वेळ लागतो, हे आपल्या सरकारनं स्वतःच ठरवून ठेवलं आहे. जुलै २०२० मध्ये क्रीडा मंत्रालयानं जाहीर केलं की अव्वल खेळाडूंच्या प्रशिक्षकांशी चार वर्षांचे करार करायचे, एका ऑलिंपिकपासून दुसऱ्यापर्यंत. भारतीय प्रशिक्षकांच्या पगारावरची महिना २ लाखांची मर्यादाही तेव्हाच काढली. पुढच्या वर्षी साईनं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणानं, प्रशिक्षक आणि सहायक प्रशिक्षकांच्या ३२० जागांची जाहिरात दिली. त्यातही करार चार वर्षांचा, आठ वर्षांपर्यंत वाढवता येणारा. पगार सहायकाला ४१,४२० पासून, प्रशिक्षकाला १,०५,००० पासून. द्रोणाचार्य पुरस्कार बघा. १९८५ मध्ये तो सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत हे आपलं मराठी नाव होतं. आज त्या पुरस्काराच्या नियमित गटात कामगिरी मोजतात ती मागच्या चार वर्षांची, आणि जीवनगौरव गटात वीस वर्षांहून जास्त काळाची.

आणि कॉलेजचा प्रशिक्षक? त्याच्या हातात अकरा महिन्यांचं पत्र.

आमच्या भागातल्या एका प्रशिक्षकानं मला त्याचं पत्र दाखवलं. चौतीस वर्षांचा, बेळगावकडचा मुलगा. पत्र एक पानाचं. १ जुलै ते ३१ मे, महिना बावीस हजार. संस्था एक महिन्याची नोटीस देऊन काढू शकते. त्याच्या बाजूनं एक ओळही नाही. पैसे 'व्यावसायिक शुल्क' म्हणून, १० टक्के टीडीएस कापून. म्हणजे कागदोपत्री तो कॉलेजचा नोकरच नाही. पीएफ नाही, रजा नाही, जूनमध्ये चूल पेटवायची कशी याचं उत्तर नाही. तोच संध्याकाळी दोन सोसायट्यांत शिकवून कॉलेजपेक्षा जास्त कमावतो. मला म्हणाला, "साहेब, कॉलेज सोडतो. इथली मुलं आठवड्यातून तीन दिवस येतात, आईवडील फी वेळेवर देतात. कॉलेजात यंदा उंच पोरं आली आहेत, पण पुढच्या वर्षी मी असेन का, तेच माहीत नाही. मग त्यांच्यावर मेहनत कुणासाठी घ्यायची?"

मंडळी, नुकसान इथं होतं. रंगरूट भरती झाला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात रायफल देऊन सीमेवर पाठवत नाहीत. उस्ताद त्याला महिनोन्‌महिने घडवतो, आणि घडवताना पुढच्या महिन्यात आपण असू की नाही ही चिंता उस्तादाला नसते. ज्याला अकरा महिनेच आहेत, तो प्रशिक्षक तयार खेळाडूच खेळवणार. पहिल्या वर्षाच्या कच्च्या मुलाला बाकावर बसवणार, गुडघा दुखणाऱ्या पोरालाही उतरवणार, कारण त्याला याच वर्षी निकाल दाखवायचा असतो. यात त्याच्या स्वभावाचा दोष कमी आणि त्या पत्राचा जास्त.

आम्ही दोघं बसलो आणि एका कागदावर मागण्या लिहिल्या. पगारवाढ सगळ्यात शेवटी लिहिली. संस्थेनं चारऐवजी दोन वर्षांचा करार दिला, बारा महिन्यांचा पगार मान्य केला, पीएफ सुरू केला. स्पर्धा जिंकल्यावर बक्षीस आणि पगारवाढ, दोन्ही नाकारलं. बावीस हजारांचे बावीस हजारच राहिले. त्यानं सही केली आणि एका सोसायटीचा वर्ग सोडला. घरचं गणित अजून ओढाताणीचंच आहे, हे मी लपवत नाही. पण पहिल्या वर्षाची ती उंच पोरं आता दुसऱ्या वर्षात त्याच्याच हाताखाली खेळतायत.

तुम्ही करार करायला बसाल तेव्हा पाच गोष्टी बघा.

एक, मुदत. चार वर्षं मागा, निदान दोन तरी घ्या.

दोन, पगार बारा महिन्यांचा हवा. सुट्टीतही शिबिरं तुम्हीच घेता.

तीन, तुम्ही कर्मचारी आहात की शुल्क घेणारे बाहेरचे, हे स्पष्ट लिहून घ्या. पगार १५ हजारांच्या वर असेल तर नव्या माणसाचा पीएफ टाळायला संस्थेला वाट असते, म्हणून तो करारातच हवा. १९७२ च्या कायद्यात ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्यासाठी ती सैल केली आहे. पण त्यासाठी आधी कर्मचारी असावं लागतं.

चार, काढण्याचं कारण आणि नोटीस. दोन्ही बाजूंना सारखी, आणि हंगामाच्या मध्यात नको.

पाच, संध्याकाळच्या वर्गांना लेखी परवानगी. आज तुमचं घर त्यावर चालतं, त्याची चोरी कशाला?

संस्थाचालकांना एकच विनंती. तुमच्याकडे पैसे कमी असतील, समजू शकतो. मुदत द्यायला तिजोरी लागत नाही. पहिल्या वर्षाला आलेली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत तिचा प्रशिक्षक बदलू नका, एवढं तरी ठरवा.

आणि तरुण मित्रांनो, या व्यवसायात पैसा उशिरा येतो, कधी येतही नाही. तरी यायचं असेल तर डोळे उघडे ठेवून या. सही करण्याआधी पत्र पूर्ण वाचा, आणि पगाराच्या आकड्याआधी तारखा वाचा.