बिऱ्हाड फूटपाथावर

(चाळीसगाव येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका शिक्षकाने केलेले भाषण)



आपल्या स्टेशनावरून रोज माणसे मुंबईच्या गाडीत चढतात. डोकीवर वळकटी, कडेवर पोर. तेथे ती निजतात कोठे, हे आपण विचारीत नाही. मनीऑर्डर आली की आपले समाधान होते!

२०११ च्या खानेसुमारीत बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार माणसे बेघर मोजली गेली. आज पुलाखाली व उद्या दुकानाच्या फळीवर निजणारा मोजणीत सापडतोच असे नाही. कोणी म्हणेल, ही माणसे आळशी. आळशी माणूस गाव सोडीत नाही. तो पारावर बसतो. मुंबईची हमाली, धुणीभांडी, बांधकाम व भंगारवेचणी ज्यांच्या हातांनी चालते, त्यांतलेच हे हात आहेत.

१९८१ साली भर पावसाळ्यात ह्या लोकांच्या झोपड्या मोडून त्यांना आपापल्या मुलखी धाडण्याचा हुकूम निघाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जदारांत आपल्या नगर जिल्ह्यातील संगमनेरकडचाही एक होता. १० जुलै १९८५ रोजी न्यायालयाने सांगितले की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. तथापि फूटपाथावर घर करण्याचा हक्क कोणास नाही. पावसाळा संपेपर्यंत तेवढे थांबा! पोटाला हक्क मिळाला, पाठीला मिळाला नाही.

पुढे २०१० साली त्याच न्यायालयाने मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा बांधण्यास फर्माविले. मुंबईची वस्ती २०११ साली सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. तितके झाले नाहीत. कागदावरच्या छपराखाली कोणी निजत नाही.

मग उपाय काय? नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांस एकत्र केले, तेव्हा १८९० साली आठवड्याची सुटी मिळाली. भायखळ्याच्या फूटपाथावरील बायांनी १९८६ साली ‘महिला मिलन’ उभे केले व पैपैसा साठविला. त्यांतल्या कित्येकींना पुढे मानखुर्दला पक्की घरे लाभली. त्यांच्यापाशी शाळा नव्हती, एकी होती.

आता आपल्यापुरते सांगतो. लग्नाच्या जेवणावळीसाठी शेत गहाण टाकू नका. गहाण शेताची वाट पुष्कळदा फूटपाथावर निघते. जाणेच भाग पडले तर रेशनकार्ड व आधार बरोबर न्या. गावचे कार्ड आता मुंबईच्या दुकानातही चालते. घर नाही म्हणून मत जात नाही. माणूस जेथे निजतो तेथे रात्री जाऊन अधिकाऱ्याने खातरजमा करावी, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. हा नियम ठाऊक नसेल, तर तो असून नसल्यासारखा. आणि मुलाचा शाळेचा दाखला मागून घ्या. बापाचे बिऱ्हाड उघड्यावर पडले, तरी पोराचे शिक्षण उघड्यावर पडू नये.

२०२१ च्या ऑगस्टअखेर तितूर-डोंगरीच्या पुराने आपल्याच गावात संसार रस्त्यावर आणले. ती रात्र ज्यांनी पाहिली, त्यांनी मुंबईच्या बेघराला ‘भिकारी’ म्हणू नये. आपली एक रात्र, ती त्याची रोजची आहे.