दोन तास कुठून मोजायचे?

(तुंगार्ली येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, तुंगार्लीवरून राजमाचीला जाणारी वाट तुमच्या पायाखालची आहे. पंधरा-सोळा किलोमीटर. पावसाळ्यात तिथल्या चिखलात जीपसुद्धा रुतते. गडाच्या कुशीतल्या उधेवाडीत ऐन श्रावणात, मध्यरात्री एखादी बाई अडली, मूल आडवं आलं, तर तिला सिझेरियन हवं. त्या बाईला आंतरराष्ट्रीय कायदा आणि आपला कायदा काय देतो, एवढंच मी आज बोलणार आहे.

1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या 25व्या कलमात वैद्यकीय सेवेचा उल्लेख आहे. 1966 च्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या कराराने 12व्या कलमात आरोग्याचा हक्क मान्य केला आणि 1979 मध्ये भारत त्या करारात सामील झाला. तरीही सार्वजनिक आरोग्य म्हटलं की लसीकरण, हिवताप, क्षय यांचाच विचार व्हायचा. ऑपरेशन ही मोठ्या शहराची गोष्ट मानली जायची. मे 2015 मध्ये जागतिक आरोग्य सभेने तातडीची व अत्यावश्यक शस्त्रक्रिया आणि भूल यांना सर्वांसाठीच्या आरोग्यसेवेत स्थान देणारा ठराव केला. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हिशेब मांडला: जगातल्या पाच अब्ज लोकांना सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही. आयोगाची कसोटी साधी होती. सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल तर त्यावरचा उपचार, हे तिन्ही दोन तासांच्या आत मिळायला हवेत.

आपल्याकडे या हक्काला दात आले ते एका शेतमजुरामुळे. जुलै 1992 मध्ये पश्चिम बंगालात तो रेल्वेतून पडला. डोक्याला मार. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी सोय नाही, खाट नाही म्हणून त्याला पुढे पाठवलं आणि शेवटी त्याला पदरमोड करून खासगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ठरवलं की हा घटनेच्या 21व्या कलमाचा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पंचवीस हजारांची भरपाई दिली आणि बजावलं की पैशाची चणचण ही सबब चालणार नाही. प्राथमिक केंद्रात रुग्णाला स्थिर करण्याची सोय, जिल्हा व उपविभागीय रुग्णालयांची सुधारणा, खाट कुठे रिकामी आहे हे कळवणारी यंत्रणा, सुसज्ज रुग्णवाहिका अशी यादीच दिली. आपल्यासारख्या घाटातल्या रेल्वेगावाने हा निकाल पाठ करावा, असं मला मनापासून वाटतं.

माझं म्हणणं असं की आयोगाने सांगितलेले ते दोन तास रुग्णाच्या उंबऱ्यापासून मोजायला हवेत. 108 ची गाडी वेळेवर आली तरी ती डांबरी रस्त्यापर्यंतच. तिथवर झोळी. दऱ्यांत पडलेल्यांना ‘शिवदुर्ग मित्र’ या बचाव पथकाची मुलं स्ट्रेचरवरून वर आणतात, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण सरकारने द्यायची सेवा त्यांच्या खांद्यावर कायमची टाकणं योग्य नव्हे.

पैशाचा प्रश्न महात्मा फुले जनआरोग्य योजनेने बराच हलका केला. मात्र योजना अंगीकृत रुग्णालयाचं बिल भरते. रात्री भूलतज्ज्ञ हजर ठेवत नाही. सर्जन आहे, टेबल आहे, पण भूल द्यायला माणूस नाही, म्हणून रुग्णाला पुढे पाठवतात. रक्ताचंही तेच.

हे सगळं महाग आहे, गरीब देशाला झेपणार नाही, असं कुणी म्हणालं तर धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा आठवा. तिथल्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी हर्नियाच्या ऑपरेशनात हजारो रुपयांच्या जाळीऐवजी मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा निर्जंतुक करून वापरला. पुढे युगांडात झालेल्या चाचणीत अशी स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीस तोड ठरली. 2016 मध्ये ते प्रसिद्ध झालं. खेड्यातल्या सर्जनने दर्जा न सोडता खर्च उतरवून दाखवला.

तेव्हा नगरपरिषदेत, पंचायत समितीत, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत विचारा: आज रात्री भूलतज्ज्ञ कोण आहे? रक्त कुठे साठवलं आहे? राजमाचीच्या रस्त्याचं काम कुठे अडलं? उत्तर लेखी मागा. ‘निधी नाही’ असं लिहून आलं, तर 1996 च्या निकालाची प्रत जोडून तो कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा.