दुःखाला दलाल नको
(शेलू येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



तुम्हाला वाटलं असेल, हा आला म्हणजे देवावर घसरणार. नाही. दगडावर राग काढून काय होणार? मला आज पोटचं पोर गेल्यावर देवळाच्या पायरीवर बसलेल्या बाईविषयी बोलायचंय.

आधी माझा गुन्हा सांगतो. विशीत होतो. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. धाकटा भाऊ तापानं फणफणलेला. आईनं गुपचूप त्याच्या दंडाला ताईत बांधला. मी तो तोडला नि नदीत फेकला. आठ दिवसांनी भाऊ गेला. ताईतानं तो वाचला नसता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही ठाऊक आहे. पण आई त्यानंतर माझ्याशी दुःखाचं कधी बोललीच नाही. ती भगताकडे जाऊन बोलली. मी ताईत तोडला, पण रात्र रात्र तिच्याजवळ बसलो होतो का? नव्हतो. बैठकीला गेलो होतो.

रमाई आठवा. रमेश गेला, गंगाधर गेला, इंदू गेली, १९२६ साली राजरत्न गेला. एकटा यशवंत हाती राहिला. त्या माउलीला पंढरपूरला जायचं होतं. बाबासाहेबांनी तिची टिंगल केली का? राजरत्न गेल्यावर त्यांनी दत्तोबा पवारांना लिहिलेलं पत्र वाचा, तो बाप स्वतःच मोडलेला दिसतो. पण पंढरीत चोखोबाची समाधी देवळाबाहेर आहे आणि चोखोबाच्या लेकीला आत जागा नाही, हे त्यांना माहीत होतं. जी पंढरी आपल्याला दारात उभी करते तिथं कशाला जायचं, आपण आपल्या कामानं दुसरी पंढरी उभारू, अशा अर्थाचं त्यांनी सांगितलं. २७ मे १९३५ ला रमाई राजगृहात गेली. विठोबाचं देऊळ आपल्याला उघडलं १९४७ साली, तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावले तेव्हा. बारा वर्षं उशीर! लेकरं गमावलेल्या आईलाही ह्या देशात आधी जात विचारली जाते, हे विसरू नका.

आता घराजवळ या. इथून कर्जत, कर्जतहून चौक, नि चौकच्या वर इर्शाळगड. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. ठाकरांची वाडी. वर गाडीरस्ता नाही, यंत्रं पोचेनात, माणसांनी हातानं चिखल उपसला. २७ प्रेतं सापडली. ५७ माणसं सापडलीच नाहीत. चौथ्या दिवशी शोध थांबला. ज्यांची माणसं त्या मातीखाली आहेत त्यांनी आभाळाकडे बघून हात जोडले, तर मी त्यांना काय शिकवू? माझी जीभ उचलत नाही.

पण खुर्चीवर बसून जो म्हणतो, ‘देवाची मर्जी, निसर्गापुढं कुणाचं चालतं’, त्याच्यापुढं माझी जीभ थांबत नाही. दरडीच्या धोक्याच्या गावांच्या यादीत ह्या वाडीचं नाव नव्हतं, हे विधानसभेतच सांगितलं गेलं. २०१४ ला माळीण झालं, २०२१ ला तळिये झालं, तरी नाव नव्हतं. यादी काय देवानं केली होती? आई देवाला हाक मारते, ते तिचं दुःख आहे. सत्ता देवाकडे बोट दाखवते, ती चोरी आहे. ह्या दोघांना एका मापानं मोजू नका.

बुद्धाकडे किसा गोतमी आली, मेलेलं लेकरू कडेवर घेऊन. त्यानं मंत्र दिला नाही, पुढच्या जन्माचं गाजर दाखवलं नाही. म्हणाला, ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातून मोहरी आण. ती दारोदार फिरली. मोहरी घरोघर होती, मरण न पाहिलेलं घर नव्हतं. तिला मरण कळलं, असं आपण सांगतो. मला त्यात आणखी एक दिसतं. दारादारात कुणी ना कुणी तिला आपलं गेलेलं माणूस सांगितलं असेल. ती एकटी उरली नाही. बुद्धानं तिला देवाकडे धाडलं नाही, शेजाऱ्यांकडे धाडलं.

आणि आपण काय करतो? पुण्यानुमोदनाला जातो, त्रिसरण-पंचशील म्हणतो, जेवतो नि सटकतो. महिन्याभरानं त्या घरात कोण जातं? भगत जातो. बुवाचा माणूस जातो. तो दोन तास बसून ऐकतो, म्हणून लोक त्याचे होतात. मग आपण भाषण ठोकतो, समाज अंधश्रद्धाळू आहे!

म्हणून आज एकच मागतो. शेलूत, वांगणीत, नेरळात, कुठल्याही वस्तीत मयत झाली, की महिन्यानंतर दोघं जा. चहा मागू नका. बसा. ऐका. विधवा बाई असेल तर निराधार योजनेचा अर्ज भरून तिच्याबरोबर तहसील कचेरीत जा. पोर आजारी असेल तर रात्री गाडी काढा. ताईत दिसला तर तोडू नका. तुम्ही जात राहिलात, तर एक दिवस ती बाई स्वतःच्या हातानं सोडेल.

भगताच्या आधी पोचा. बाबासाहेबांची दुसरी पंढरी मला तरी तिथंच दिसते.

जय भीम.