यंत्राने माणसाला केव्हा विचारावं?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



“तू नेमकं काय काम करतोस?” असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. मोठ्या कंपन्या पुढच्या वर्षाचा अंदाज बांधतात : विक्री किती, पगार किती, भरती किती. त्यासाठी ओरॅकल, एसएपी, आयबीएम यांची नियोजनाची सॉफ्टवेअर असतात. त्यातली पुष्कळ आकडेमोड रात्री आपोआप चालते. ती चालताना माणसाला काय विचारायचं आणि काय नाही, हे ठरवणं माझं काम.

आपल्या उत्तन-डोंगरीचंच उदाहरण घेऊ. समजा, बर्फाच्या कारखान्याला वर्षाचा अंदाज बांधायचा आहे. १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, पावसाळी मासेमारी बंदी. हे ठरलेलं आहे. यंत्रात एकदा भरून ठेवावं, सारखं विचारू नये. पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दर्या निवळेल का, बोटी खरंच निघतील का, हे यंत्र कुठून सांगणार? ते बंदरावरच्या माणसालाच विचारायला हवं. म्हणून हिशेब सुरू होण्याआधी पडद्यावर चौकट येते : “बोटी कोणत्या तारखेपासून धरायच्या?” ओरॅकलमध्ये याला ‘रनटाइम प्रॉम्प्ट’ म्हणतात.

खरी अडचण पुढे येते. आयबीएमच्या टीएम१ मध्ये एखादी प्रक्रिया आपण हाताने चालवली, तर ती आपल्याला विचारते. तीच वेळापत्रकावर लावली की कोणालाच विचारत नाही. आधी लिहून ठेवलेली उत्तरं वापरते. रात्री दोन वाजता उत्तर द्यायला असतं तरी कोण? मग गेल्या वर्षीचं उत्तर यंदाही चालू राहतं आणि सकाळी आकडे मात्र अगदी नीटनेटके दिसतात.

माणूस समोर असला तरी धोका टळत नाही. एका कंपनीत वर्षाच्या चौकटीत जुनं वर्ष आधीच भरलेलं होतं. कर्मचाऱ्याने सवयीने ‘ओके’ दाबलं आणि नवे आकडे जुन्या वर्षावर जाऊन बसले. दोष त्याला दिला गेला. माझ्या मते दोष प्रश्नाचा होता.

आपले शिक्षक हे जाणून होते. “समजलं का?” म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात “होऽऽ” म्हणायचा. म्हणून टीचर एकाला उभं करून विचारायच्या, “सांग बघू, काय समजलं?” मग खरं काय ते कळायचं.

आम्ही प्रश्न बनवताना तेच करतो. प्रश्न मोजके ठेवतो. दहा विचारले की न वाचताच बोट ‘ओके’वर जातं. ते सुरुवातीलाच विचारतो, काम अर्ध्यावर अडवून नाही. ज्या उत्तराने जुने आकडे पुसले जातील, ती चौकट रिकामी ठेवतो. रात्रीच्या कामासाठी दिलेल्या उत्तराला मुदत घालतो. मुदत संपली की काम थांबतं आणि जबाबदार माणसाला निरोप जातो. आणि उत्तर कोणी, कधी दिलं, याची नोंद राहते.

हे एवढं जपायचं, कारण त्या एका चौकटीवर एखाद्या विभागातली भरती होते किंवा थांबते. कोणाच्या तरी घरची चूल त्यावर अवलंबून असते.

तुमच्या मुलांना, भाच्यांना या कामात यायचं असेल, तर जेवणानंतर मला जरूर गाठा.