आधी तळ पाहा

भांडं हातात आलं की आपण नक्षी बघतो. प्युब्लो मातीकाम जमवणारा मात्र ते आधी उपडं करतो.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सान इल्डेफोन्सो गावात मारिया आणि हुलियान मार्टिनेझ या जोडप्याने १९२०च्या सुमारास चकचकीत काळ्यावर मंद काळी नक्षी आणली. मारिया चाकाशिवाय, वळ्या रचून घडवत, गुळगुळीत दगडाने घोटत. नक्षी हुलियान काढत. भाजताना वाळल्या शेणाच्या भुग्याने आग दडपली की धूर कोंडतो आणि तांबूस भांडं काळं होतं.

तळावरची सही काळ सांगते. हुलियान १९४३ मध्ये वारले, म्हणजे जोडीची सही त्याआधीची. पुढे सून सांतानासोबतची. मुलगा पोपोवीसोबतची १९५६ नंतरची. पण निव्वळ सहीवर भुलू नका. इतरांच्या भांड्यांनाही भाव मिळावा म्हणून मारिया त्यांवर आपली सही करून देत.

ही भांडी घरात शोभेला ठेवण्यासाठी, विकायलाच घडवली गेली. ती घेण्यात संकोच नको. जुन्या थडग्यांतून उकरलेलं भांडं मात्र कितीही देखणं असो, ते कुणाच्या तरी पूर्वजांचं आहे. म्हणून किंमत विचारण्याआधी विचारा, 'हे आलं कुठून?' उत्तर नीट मिळालं नाही, तर भांडं खाली ठेवा.

आणि घेतलंत, तर त्यात पाणी घालू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. त्याला काचेची झिलई नसते; ओल लागली की चकाकी जाते, ती परत येत नाही.